कॅडमध्ये (कॉम्प्युटरवरच्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये) मॉडेल तयार असेल तर सीएनसीवर (कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनवर) पार्ट थेट बनत नाही का? मग वेगळं ड्रॉइंग कशाला मागतात?

डिप्लोमा करून नाशिकच्या अंबडला कामाला लागलो तेव्हा मीही हेच विचारलं होतं. आमचे सुपरवायझर म्हणाले, "बनतो की. फक्त बसत नाही."

अर्थ कळला तो एका अ‍ॅल्युमिनियमच्या हाउसिंगवर. ग्राहकाने फक्त स्टेप फाइल (बहुतेक कॅड सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी मॉडेलची फाइल) पाठवली होती. ६२०५ बेअरिंग बसवायचं, मॉडेलमध्ये बोअर (बेअरिंग बसतं ते भोक) ५२.००० मिलिमीटर. कॅममध्ये (मशीनचा प्रोग्राम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) मी तोच फेस (मॉडेलवरचा पृष्ठभाग) निवडला, जनरल टॉलरन्स (मापात चालणारा सर्वसाधारण फरक) धरला आणि व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मशीनवर) १२ पीस काढले. बोअर आले ५१.९७ च्या आसपास. बेअरिंग तोंडाशीच अडकलं. त्यांना हवा होता ५२ एच७, म्हणजे ५२.००० ते ५२.०३०. डिझायनरच्या डोक्यात ते होतं, फाइलमध्ये नव्हतं. नशीब की बोअर लहान आला होता, परत कापून मोठा करता येतो. मोठा झाला असता तर बाराही पीस भंगारात. तरी प्रत्येक जॉब परत बांधून, डायल (बारीक फरक दाखवणारा गेज) फिरवून सेंटर धरण्यात अख्खी शिफ्ट गेली. त्याचे पैसे कोण देणार?

तर, मॉडेल आकार सांगतं; कुठे किती मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) इकडेतिकडे चालतील हे सांगेलच असं नाही. २०१४ साली आलेल्या स्टेप एपी२४२ मध्ये टॉलरन्स, डेटमसुद्धा (मापं जिथून धरायची ती बाजू) मॉडेलला चिकटवून पाठवता येतात. पण पाठवणाऱ्याने ते भरायला हवेत आणि घेणाऱ्याच्या सॉफ्टवेअरला वाचता यायला हवेत. छोट्या शॉपमध्ये अजून मशीनच्या दाराला चिकटवलेला, तेलाचे डाग पडलेला ए३ कागदच चालतो, आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

कॅड आणि कॅम एकाच सॉफ्टवेअरमध्ये असतील तर खरी मजा आहे: भोक २ मिलिमीटर सरकवलं की टूलपाथ (कटर फिरण्याचा मार्ग) रिजनरेट करायचा, बास. स्टेपमधून गेलात की हा धागा तुटतो. नवं रिव्हिजन आलं की फेस बहुतेक परत निवडावे लागतात आणि एखादा जुनाच राहून जातो. म्हणून फाइलच्या नावात रिव्हिजन नंबर टाका, 'फायनल_नवीन' नको. टूलपाथनंतर पोस्ट प्रोसेसर (टूलपाथ त्या मशीनच्या भाषेत बदलणारा) असतोच. फानुक कंट्रोलरसाठी काढलेला प्रोग्राम सीमेन्सवर तसाच चालेल असं धरू नका.

डिझाइन करताना हातात कटर आहे असं समजा. पॉकेटचा (कोरून काढलेल्या खोलगट भागाचा) आतला कोपरा स्क्रीनवर टोकदार दिसतो, पण १० मिलिमीटर व्यासाची एंडमिल (गोल फिरणारा कटर) तिथे ५ चा रेडियस सोडणारच. ६ चा द्या, म्हणजे कटर न अडता वळेल. पत्र्याच्या कामातही तेच: फ्लॅट पॅटर्न (वाकवण्याआधीचा सपाट आकार) काढताना के-फॅक्टर (वाकताना पत्रा किती ताणला जाईल त्याचा आकडा) समोरच्याच्या बेंडिंग मशीनवरून आणि डायवरून घ्यायचा, सॉफ्टवेअरमध्ये आधीच असलेला नाही.

तुम्ही नाशिकमध्येच शिकताय, तर एक छोटा ब्रॅकेट काढा आणि सातपूरला एखाद्या जॉबवर्कवाल्याकडे नुसती स्टेप फाइल घेऊन जा. ऑपरेटर पहिल्या पाच मिनिटांत काय काय विचारतो ते लिहून घ्या. बहुतेक सुरुवात "डेटम कुठला धरू?" इथूनच होईल.