बाई ठेवलीय, पण लक्ष कोण ठेवणार?

प्रश्न : ताई, आईबाबा अंबाजोगाईला असतात आणि आम्ही दोघं बंगळुरूला. बाबा 76, शुगर आणि बीपी. आई 71, गुडघ्यांमुळं जिना बंद. सहा महिन्यांपूर्वी दिवसपाळीची बाई लावली. रोज फोन करतो, बाई म्हणते सगळं ओके आहे भैय्या, आई म्हणते तू काळजी करू नको. दिवाळीला गेलो तर बाबांची पँट कमरेला सुतळीनं बांधलेली, एवढं वजन उतरलं तरी कुणी बोललं नाही! आता लातूरची एक एजन्सी देखरेखीला ‘मॅनेजर’ देतो म्हणते. घेऊ का? बाबा म्हणायलेत, आमच्यावर सुपरवायझर कशाला, आम्ही काय रोडचं काम आहोत का.

उत्तर : बाबांना माझा नमस्कार सांगा. पण मॅनेजरचं नंतर बघू, वजन का उतरलं ते आधी डॉक्टरला दाखवा, ह्याच आठवड्यात. शुगर वाढूनही वजन उतरतं, दुसरंही काही असू शकतं, ते तपासल्याशिवाय कळत नाही.

आता बाईचं. ती खोटं बोलली असं मला वाटत नाही. तुम्ही विचारलं जेवले का, ती म्हणली जेवले, अर्धी भाकरी म्हणजे पण जेवणच की! जी सांभाळते तिच्याकडंच रिपोर्ट मागितला की असंच होतं. सांभाळणारं माणूस वेगळं आणि तपासणारं वेगळं पाहिजे. म्हणून एजन्सीला एवढंच विचारा, घरी कोण येणार, महिन्यात किती वेळा, नर्सिंग शिकलेलं आहे का, आणि बाई पण तुमचीच देणार का? बाई पण त्यांचीच असली तर सोडून द्या.

मी तर गावातच शोधलं असतं. अंबाजोगाईत सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथून रिटायर झालेली एखादी सिस्टर भेटेल. आठवड्यातून एक चक्कर, वार न सांगता, आणि फी ठरवून द्या, कारण शेजारधर्मावर दोन महिने निघतात, मग लग्नसराई लागते अन् कुणी येत नाही. तिनं वजन करायचं, बीपी बघायचं, बाबांचे तळपाय बघायचे (शुगरवाल्याला जखम कळत नाही), ग्लुकोमीटरमधी जुनी रीडिंग सेव्ह असतात ती बघायची. आणि गोळ्या मोजायच्या. 1 तारखेला 30 आणल्या, रोज एक, तर 11 ला सकाळी 20 उरायला पाहिजेत.

एकादशी धरतात का बाबा? आपल्याकडं उपवास सुटत नाही आणि गोळी पण चालूच राहते, मग काही गोळ्यांनी शुगर एकदम खाली जाते, घाम, थरथर, बोलणं भलतंच, आणि घरचे म्हणतात उपवासानं चक्कर आली. त्या दिवशीचा डोस डॉक्टरला आधीच विचारून ठेवा.

दोघंही सत्तरीच्या वर आहेत, तर आयुष्मानचं (सरकारच्या मोफत उपचाराच्या योजनेचं) कार्ड काढून घ्या, 2024 च्या ऑक्टोबरपासून 70 आणि त्यापुढच्यांना उत्पन्न न बघता वर्षाला घरात मिळून 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण ते अ‍ॅडमिट झाल्यावरच, बाईचा पगार त्यात बसत नाही. ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567, फ्रिजवर चिकटवा.

बाबांच्या रागाचं म्हणाल तर सिस्टरनं रिपोर्ट आधी त्यांनाच वाचून दाखवायचा, मग तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅप. आणि 20 च्या जागी 23 गोळ्या निघाल्या तर लगेच बाईवर ओरडू नका. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवीला सारखं जावं लागतं, म्हणून कीर्तनाच्या दिवशी गोळी गुपचूप खिशात टाकणारे म्हातारे मी लई पाहिलेत.