मूल एकटं बोलू शकेल का, हे आधी बघ

प्रिय मित्रा,

महासाथीतल्या मुलांच्या अनुभवांवरचा तुझा संशोधन-आराखडा वाचला. ‘माहिती कोण देणार’ या रकान्यात फक्त ‘पालक’ लिहिलंय, तिथेच गाडी अडते. झोप, भूक, चिडचिड पालकांना दिसते. मुलाला कशाची धास्ती आहे, याचा बरेचदा पत्ता नसतो. शिवाय काम सुटलेले, आजारातून नुकते उठलेले आईवडील मुलाबद्दल सांगतासांगता नकळत स्वतःचाच ताण सांगून जातात. त्यांना जरूर विचार, पण मुलालाही विचार आणि दोन्ही उत्तरं वेगळी ठेव. ती जुळली नाहीत तर सरासरी काढू नकोस. घरात कुणाला काय दिसत नाही, ते तिथेच कळतं. मुलाचं मत ऐकून घ्या असं सांगणारं संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतलं १२ वं कलम साथ आली म्हणून रजेवर जात नाही.

आता खरी अडचण. टाळेबंदीत मूल घरात एकटं नसतंच. फोन वडिलांचा, खोली सगळ्यांची आणि स्पीकर चालू. अशा वेळी ‘घरी कसं वाटतं?’ला ‘छान’ याखेरीज काय उत्तर येणार? म्हणून सुरुवातीचे प्रश्न ‘हो-नाही’त सुटतील असे घे: स्पीकर चालू आहे का? जवळ कुणी आहे का? एक खुणेचं वाक्यही आधीच ठरवून ठेव. मूल ‘गृहपाठ राहिलाय’ म्हणालं की चालू विषय तिथेच सोडायचा आणि एखाद्या खेळाबद्दल बोलायला लागायचं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाशी फोनवर वीस मिनिटं पुष्कळ झाली. कोण जवळ होतं, हे प्रत्येक मुलाखतीच्या नोंदीत लिही, नाहीतर विश्लेषणाच्या वेळी सगळी ‘छान’ सारखीच दिसतात.

पालकांची संमती आणि मुलाचा होकार या दोन वेगळ्या गोष्टी. आईने सही केली, पण मूल प्रत्येक प्रश्नाला ‘माहीत नाही’ म्हणतंय, तर तो नकार समज आणि आभार मानून फोन ठेव. ‘तू सांगशील ते कुणालाच कळणार नाही’ असं वचन चुकूनही देऊ नकोस. मारहाण किंवा जिवाला धोका कळला तर तुला मदत मिळवून द्यावीच लागेल, हे पहिल्या पाच मिनिटांत सोप्या शब्दांत सांग. ती मदत कोण करणार, त्या माणसाचा नंबर पहिला फोन लावण्याआधी तुझ्यासमोर हवा.

मोजपट्टीबद्दल. रॉबर्ट गुडमन यांची १९९७ ची ‘एसडीक्यू’, म्हणजे मुलांच्या भावना-वागणुकीतल्या अडचणी आणि जमेच्या बाजू मोजणारी प्रश्नावली निवडलीस, ठीक आहे. २५ विधानं, पाच-पाचचे पाच गट. अडचणींची बेरीज चार गटांची, ० ते ४०. पाचवा, इतरांशी चांगलं वागण्याचा गट त्या बेरजेत धरत नाहीत. इथे हमखास चूक होते. पण सवंगड्यांचा गट जरा जवळून बघ: एकटं राहणं आवडतं का, एक तरी चांगला मित्र आहे का, इतर मुलं त्रास देतात का. शाळा बंद आणि बाहेर जायची बंदी असताना याचं उत्तर कुणी कशाच्या आधारावर देणार? त्रास देणारे भेटतच नाहीत म्हणून गुण सुधारतात, आणि आपण लिहून मोकळे होतो की मुलाची परिस्थिती सुधारली. विधानं परस्पर बदलायची नाहीत, नाहीतर तुलनाच संपते. हा गट वेगळा मांड.

दुसरी मेख काळाची. ही प्रश्नावली गेल्या सहा महिन्यांबद्दल विचारते आणि तेवढ्यात शाळा बंद होऊन पुन्हा उघडलेली असू शकते. पाठपुराव्याच्या आवृत्तीत हा काळ एका महिन्याचा आहे. पहिल्या फेरीत एक आणि दुसरीत दुसरी आवृत्ती वापरून फरक काढलास, तर तो महासाथीचा की आवृत्तीचा, हे सांगता येणार नाही. मुलाखतीत कागदावर एक लांब पट्टी काढायला सांग: शाळा बंद झाली तो दिवस, वाढदिवस, घरात कुणी आजारी पडलं तो आठवडा. त्यावर बोट ठेवून विचार, ‘इथे तुझा दिवस कसा जायचा, उठल्यापासून सांग.’ ‘शाळा बंद झाल्यावर वाईट वाटलं का?’ असं विचारलंस तर उत्तर तूच हातात दिलंस. शाळेत छळ सोसणाऱ्या मुलाला कदाचित हायसं वाटलं असेल. त्याला ते म्हणायला जागा राहू दे.

ऑनलाइन फॉर्ममध्ये ज्यांच्याकडे फोन नाही ती मुलं आपोआप गळतात, आणि तीच बहुधा सर्वांत अडचणीत असतात. ती किती गळली, ते अहवालात लिहावंच लागेल.

पहिल्या पाच मुलाखती झाल्या की पुढच्या लगेच लावू नकोस. ध्वनिमुद्रण ऐक आणि मूल गप्प झाल्यावर तुझा पुढचा प्रश्न किती सेकंदांत आला, ते घड्याळ लावून मोज. तीनाच्या आत आला असेल तर मुलाला विचार करायला वेळच मिळालेला नाही. त्या पाचही तालीम म्हणून बाजूला ठेव.

तुझा,
मार्गदर्शक