मोर्च्याआधी फॉर्म बी वाचा

लातूरच्या एका फार्मसी विद्यार्थिनीने विचारलंय की कॉलेजात उंदरांवर प्रयोग चालतात, ते थांबवायला कलेक्टर ऑफिसवर मोर्चा काढावा का?

ताई, काढा की. पण कलेक्टरच्या हातात यातलं काहीच नाही. ठरतं ते तुमच्याच कॉलेजच्या, प्रयोगांना परवानगी देणाऱ्या अ‍ॅनिमल एथिक्स कमिटीत.

बी.फार्मच्या प्रॅक्टिकलचा प्रश्न असेल तर भांडायचीही गरज नाही. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं 17 वं कलम म्हणतं, पुस्तकं, मॉडेल, फिल्म यांवर भागत असेल तिथे प्राणी टाळा. पीसीआयच्या (फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या) अभ्यासक्रमातही प्राण्यांवरचे प्रयोग सॉफ्टवेअर आणि व्हिडिओवर दाखवा असंच आहे. पुद्दुचेरीच्या जिपमर या वैद्यकीय संस्थेतल्या प्राध्यापकांनी केलेलं एक्सफार्म हे सॉफ्टवेअर त्यासाठीच आहे. अभ्यासक्रमाचं ते पान प्रिंट काढून एचओडींपुढे ठेवा.

खरी गोम एम.फार्मच्या थिसिसमध्ये आहे. गुळवेल, निर्गुडी, कडुनिंब, फिरून फिरून त्याच वनस्पती. साचाही ठरलेला. रॅटला आधी अर्क पाजायचा, मग मागच्या पंजात कॅराजीनन हे सूज आणणारं द्रव्य टोचायचं. पंजा टरटरून सुजतो, आणि दर तासाला तो प्लेथिस्मोमीटरमध्ये बुडवून सूज मोजायची. गटात 6, गट 5, झाले 30 रॅट. निर्गुडीने सूज उतरते हे आपल्या आज्यांना माहीत होतं आणि जर्नलांतही कितीदा छापून आलंय!

मी अशा एका कमिटीवर बाहेरचा सदस्य होतो. फॉर्म बी मध्ये, म्हणजे प्रयोगाच्या परवानगीच्या अर्जात, प्राणी का लागतात, असा अभ्यास आधी झालाय का, हे स्पष्ट विचारलेलं असतं. तिथे ‘पर्याय उपलब्ध नाही’ एवढंच, तेही मागच्या वर्षीच्या फॉर्मवरून उतरवलेलं. ‘आधीच्या कामापेक्षा यात नवं काय?’ एवढं विचारलं तरी गाईड चुळबुळ करायचे आणि प्रस्ताव दुरुस्तीला परत जायचे.

‘सगळेच प्रयोग बंद करा’ म्हणून मात्र जाऊ नका. 2023 च्या दुरुस्तीनंतर नव्या औषधांच्या नियमांत पेशींवरच्या चाचण्या, ऑर्गन-ऑन-चिप (चिपवर पेशी वाढवून केलेली अवयवाची छोटी प्रतिकृती) यांना जागा मिळाली आहे, पण अख्ख्या शरीरात औषध काय करतं ते त्यातून अजून पुरतं कळत नाही. फार्माकॉलॉजीवाले हेच तोंडावर फेकतील. या थिसिसला हे 30 रॅट कशाला, एवढंच धरून बसा.

कॉलेज सरकारी असेल तर कमिटीची मिनिट्स माहिती अधिकारात मागा, खासगी असेल तर प्राचार्यांकडे लेखी अर्ज करा. एम.फार्मच्या मुलांना विषय ठरायच्या आधी गाठा, विषय रजिस्टर झाल्यावर कुणी ऐकत नाही. आणि पिंजऱ्यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका, अ‍ॅनिमल हाऊसचं दार तुमच्यासाठी कायमचं बंद होईल.