रिचार्जेबल सेल टाकले की गेमचा कंट्रोलर मधेच डिस्कनेक्ट का होतो?

तुम्ही विचारलंय की मुलाच्या एक्सबॉक्सच्या कंट्रोलरमधे साधे सेल टाकले तर नीट चालतो, रिचार्जेबल टाकले की खेळता खेळता मधेच डिस्कनेक्ट होतो, आणि दुकानदार म्हणतो ब्लूटूथ गेलंय, नवीन घ्या, तर घ्यावा का. नका घेऊ, थांबा जरा. साध्या सेलवर चालतोय ना? मग ब्लूटूथ कसं गेलं असेल, ते काय सेल बघून रुसतं का.

मी कोपरखैरण्याला राहतो, आमच्याकडे पण दोन पेन्सिल सेलवाला कंट्रोलर आहे आणि मागच्या पावसाळ्यात महिनाभर हेच भोगलंय. भाचा शनिवारी ठाण्याहून ट्रान्स हार्बरची गाडी पकडून येतो, चपला काढायच्या आधी टीव्ही चालू, आणि मग फुटबॉल. ऐन गोलच्या वेळी कंट्रोलर मरायचा. दर वेळी नेमका तेव्हाच. आधी गेमला शिव्या दिल्या, मग आमच्या बिल्डिंगमधे घरटी एक राउटर आहे म्हणून वायफायला दिल्या, राउटर टीव्हीपासून लांब नेऊन ठेवला तर हिचं ऑफिसचं नेट गेलं, तो वेगळाच तमाशा. शेवटी भाचाच म्हणाला, मामा, हा व्हायब्रेट झाला की जातो. आणि तेच होतं! गोल झाला, गाडी आपटली, की आतल्या मोटरी घुरघुरतात, त्या हादऱ्याने सेल जागेवरून किंचित हलतात, पत्र्याची टोकं क्षणभर सुटतात, तेवढ्यात करंट तुटतो आणि कंट्रोलर बंद. करंट लगेच परत येतो पण कंट्रोलर आपोआप उठत नाही, त्याला बटण दाबून उठवावं लागतं आणि तोवर समोरच्याने गोल मारलेला असतो.

आता साधे सेल का चालतात ते सांगतो, कारण हे कळलं की बाकीचं सगळं सोपं आहे. पेन्सिल सेलचं माप ठरलेलं असतं असं आपल्याला वाटतं, पण त्यात सूट असते. जाडी 13.5 ते 14.5 मिलिमीटर आणि लांबी 49.2 ते 50.5 मिलिमीटर, यात कुठेही बसला तरी तो पेन्सिल सेलच. म्हणजे दोन कंपन्यांच्या सेलमधे एक मिलिमीटरचा फरक असला तरी दोघंही बरोबर. माझा मित्र रबाळे एमआयडीसीत वर्कशॉपमधे आहे, त्याच्याकडून व्हर्निअर आणून मोजलं तर माझे साधे सेल 14.3 आणि रिचार्जेबल 13.9, लांबीलाही पाऊण मिलिमीटर कमी. ऐकायला काहीच नाही वाटत, पण स्प्रिंगचा सगळा दाबच त्या पाऊण मिलिमीटरवर असतो. सगळेच रिचार्जेबल बारीक असतात असं नाही हं, काही तर इतके जाड असतात की काढताना नख तुटतं. तुमचे बारीक असणार.

वर आणखी एक भानगड. साधा अल्कलाइन सेल 1.5 व्होल्टचा, नेहमीचा रिचार्जेबल म्हणजे निकेल मेटल हायड्राइडवाला 1.2 चा. दोन मिळून 3 च्या जागी 2.4. नुसत्या 2.4 वर कंट्रोलर मजेत चालतो, पण टोकाला गंज किंवा मळ असला तर तिथे अडथळा तयार होतो आणि मोटरी जोरात करंट ओढायला लागल्या की व्होल्टेज तिथेच थोडं गळतं. समजा 0.2 गळलं, तर साध्या सेलला फरक पडत नाही कारण त्याच्याकडे शिल्लक आहे, रिचार्जेबलकडे आधीच कमी, त्यामुळे तो सीमेवर येतो. म्हणून ढिला सेल आणि मळकट पत्रा हे दोन्ही आजार बाहेरून एकसारखेच दिसतात आणि बऱ्याचदा एकत्रच असतात. आमच्याकडे खाडी जवळ, पावसाळ्यात कपाटातल्या पट्ट्यांच्या बकलला पण गंज चढतो, तर या बारीक पत्र्यांचं काय घेऊन बसलात.

नक्की हेच आहे का ते बघायला दोन मिनिटं लागतात. कंट्रोलर कानाजवळ धरून हलवा, खुळखुळ ऐकू आली तर अर्धा निकाल तिथेच लागला. मग झाकण काढून सेलवर बोट ठेवून फिरवा, लोण्यासारखा गरगर फिरला तर ढिला आहे, थोडा अडत फिरला पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कंट्रोलर जातो तेव्हा त्याच्या मधल्या लाइटकडे बघायला मुलाला सांगा. लाइट एकदम विझली तर करंट तुटला, म्हणजे सेलचा मामला. लाइट चालूच आहे पण मिचमिच करतेय तर तो कन्सोलला शोधतोय, म्हणजे खरंच रेडिओची भानगड आणि मग माझं हे पुढचं पुराण तुमच्या उपयोगाचं नाही. (पंधरा मिनिटं हात न लावता ठेवला आणि बंद झाला तर तो मुद्दाम बंद होतो, सेल वाचवायला. आमच्याकडे तेही बिघाडाच्या यादीत होतं.) सेटिंग्जमधे जाऊन व्हायब्रेशन बंद करून एक संध्याकाळ खेळू द्या, जायचं थांबलं तर मग शंकाच नको.

आता दुरुस्ती. आधी सफाई. सेल बाहेर काढून टोकं कोरड्या फडक्याने पुसा, कंट्रोलरमधले पत्रे कानाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, मेडिकलमधे मिळतं, मोबाइल रिपेअरवाल्याकडे तर बाटलीच असते. काळपटपणा गेला नाही तर शाळेतल्या खोडरबरने घासा, सँडपेपर नको, वरचा मुलामा निघाला की पुढच्या पावसाळ्यात दुप्पट गंजतो. पांढरी किंवा हिरवट भुकटी साचलेली दिसली तर तिथे कधीतरी सेल फुटून पाझरलाय, ते पाझरलेलं अल्कलीसारखं असतं, म्हणून लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमधे काडी किंचित ओली करून लावा, मग अल्कोहोलने पुसा, आणि पूर्ण सुकू द्या. हात नंतर धुवा.

मग स्प्रिंग. मायनसच्या बाजूला स्प्रिंग किंवा वाकवलेली पट्टी असते, ती वर्षानुवर्षं दबून बसकी होते. सेल बाहेर असतानाच टूथपिक किंवा छोट्या चपट्या स्क्रूड्रायव्हरने ती हळूच बाहेर ओढा, मिलिमीटरभर, जास्त नाही. एकदाच करा. रोज रोज वाकवली तर मुळातून तुटते, आणि तुटली की मग खरंच दुकानदाराकडे जावं लागेल.

एवढ्याने बऱ्याच जणांचं भागतं. माझं नव्वद टक्के भागलं, गोल झाल्यावर जायचा तो आता फक्त भाच्याने चिडून कंट्रोलर सोफ्यावर आपटला की जायला लागला. तेव्हा मग झाकणाच्या आत जाड कागदाचा तुकडा बसवला. सेलवर झाकण जिथे टेकतं तिथे, सेलच्या लांबीएवढा आणि दोन्ही सेल झाकेल एवढा, एक घडी किंवा दोन. झाकण लावताना हलका जोर लागला पाहिजे, कटकन बसलं पाहिजे, दाबून दाबून लावावं लागत असेल तर एक घडी कमी करा नाहीतर झाकणाचं खटकं तुटेल. झाकणाला दोन्ही बाजूचा टेप लावून चिकटवला तर सेल बदलताना पडत नाही. जाडीतच कमी पडत असेल तर सेलच्या पोटाला इलेक्ट्रिशियनवाल्या टेपचा एक वेढा द्या, साधारण पाव मिलिमीटर जाडी वाढते, फक्त दोन्ही टोकं मोकळी ठेवा.

आणि एक करू नका, कारण आमच्याकडे झालंय. भाच्याने कुठल्यातरी व्हिडिओत बघून डब्यातल्या पोळीची चांदी, म्हणजे ॲल्युमिनियम फॉइल, गोळा करून टोकाला खुपसली. चालला की हो, दोन दिवस छान चालला. तिसऱ्या दिवशी ती गोळी सरकून दोन पत्र्यांच्या मधे गेली आणि झाकण असं तापलं की त्याने हातातून टाकला, घरभर जळक्या प्लॅस्टिकचा वास. साध्या सेलपेक्षा रिचार्जेबल सेल शॉर्ट झाला की कितीतरी जास्त करंट एकदम ओकतो, म्हणून हा खेळ त्याच्याशी मुळीच नको. नशीब की आतलं सर्किट वाचलं, झाकणाला एक खड्डा तेवढा पडलाय. माझी आई तर म्हणाली सेल दाताने चावून बघायचा होता, आम्ही टॉर्चचे असेच चालवायचो आणि उन्हात ठेवायचो. आईला हो म्हणालो, तुम्ही असलं काही करू नका.

सेलबद्दल थोडं. दोन्ही सेल एकाच वयाचे, एकाच पाकिटातले, नेहमी जोडीने वापरा, एक जुना एक नवा असला की जुना आधी बसतो आणि नव्याला पण खाली ओढतो. चार्जर असा घ्या जो प्रत्येक सेल वेगळा चार्ज करतो, स्वस्तातले बरेचसे दोन-दोनची जोडी एकत्र हाकतात. घरी मल्टिमीटर असेल तर चार्ज होऊन तासभर पडलेल्या सेलवर 1.3 च्या वर दिसायला हवं, तिथे 1.2 किंवा त्याच्या खाली दिसलं तर तो म्हातारा झालाय, त्याला भिंतीवरच्या घड्याळात टाका. आणि हल्ली 1.5 व्होल्टचे लिथियमवाले रिचार्जेबल मिळतात, ते शेवटपर्यंत 1.5 दाखवतात आणि संपले की क्षणात बंद, आधी काही इशारा नाही, कंट्रोलरवरची बॅटरी पण फुलच दिसत असते कारण तो बिचारा व्होल्टेज बघून अंदाज बांधतो. तुमचे सेल ते असतील तर आधी नुसते चार्ज करून बघा, ढिले-बिले काही नसेल.

बाकी प्लेस्टेशन 5 च्या कंट्रोलरमधे बॅटरी आतच असते, पेन्सिल सेल नाहीत, त्यामुळे शेजारच्यांनी विचारलं तर हे सगळं त्यांना सांगू नका.

माझ्या झाकणात जो कागद आहे तो लग्नपत्रिकेचा आहे, घरात तेवढा जाड कागद तोच सापडला. गणपतीचा भाग कापायला आईने साफ मनाई केली म्हणून खालच्या कोपऱ्यातला तुकडा घेतला. वर्ष होत आलं, एकदाही डिस्कनेक्ट नाही, आणि सेल बदलायला झाकण उघडलं की आतून दर वेळी "कृपया आहेर आणू नये" दिसतं.