आवाज येतो, चित्र नाही

प्रश्न : आमचा ४० इंची टीव्ही २०१६ सालचा. पंधरा दिवसांपूर्वी मालिकेच्या ऐन रंगात पडदा काळा झाला. आवाज मात्र खणखणीत येतो. आमचे हे सध्या बातम्या रेडिओसारख्या ऐकतात! नवा घ्यायचा म्हटलं तर पुण्याचे जावई म्हणतात, ‘थांबा, अ‍ॅपल स्वतःचा टीव्ही आणतंय, घ्यायचा तर तोच.’ त्यांच्या घरी सगळ्यांकडे आयफोन आहेत, आमच्याकडे एकही नाही. थांबावं का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, जावईबापूंचा मान राखून सांगतो, थांबू नका. ही आवई तुमच्या टीव्हीपेक्षा वयाने मोठी आहे.

माझ्या गिरगावच्या दुकानात ती २०११ च्या दिवाळीनंतर आली. समोरच्या इमारतीतले एक बँकवाले साहेब घेऊन आले. अ‍ॅपलचे एक संस्थापक स्टीव्ह जॉब्ज नुकतेच गेले होते आणि वॉल्टर आयझॅकसन यांनी लिहिलेलं त्यांचं चरित्र बाजारात आलं होतं. त्यात जॉब्ज म्हणतात, की वापरायला अगदी सोपा, घरातल्या बाकीच्या उपकरणांशी आपोआप जुळणारा टीव्ही मला करायचाय आणि तो कसा करायचा हे मला अखेर उमगलंय. साहेबांनी त्या पानावर पेन्सिलीने खूण केली होती. मी त्यांच्यासाठी ३२ इंचीचा खोका उघडून ठेवला होता. म्हणाले, ‘परत बांधा. वर्षभरात अ‍ॅपलचा येतोय.’

वर्षभरात आला तो सेट-टॉप बॉक्स. ३१ ऑक्टोबर २०१२ नंतर मुंबईतली जुनी केबल बंद झाली, तेव्हा त्यांच्या २१ इंची ट्यूबवाल्या टीव्हीला तो मीच जोडून दिला. प्रक्षेपण रुंद, पडदा चौकोनी, त्यामुळे दोन्ही कडा कापल्या जायच्या. नोव्हेंबर २०१३ मध्ये सचिनची शेवटची कसोटी झाली, तीही वानखेडेवर, म्हणजे आमच्या गल्लीतून चालत जाण्यासारखी. साहेबांनी ती त्याच डब्यावर पाहिली. कोपऱ्यातल्या धावसंख्येचा पहिला आकडा पडद्याबाहेर, त्यामुळे सचिनच्या ७४ धावा झाल्या तेव्हा त्यांना नुसता ४ दिसत होता. शेजारच्या पोराला विचारून खात्री करायचे.

मे २०१५ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने बातमी दिली, की अ‍ॅपलने टीव्हीचा बेत वर्षभरापूर्वीच गुंडाळलाय. पडद्याला कॅमेरा लावून व्हिडिओ कॉल करण्यासारख्या कल्पना तपासून झाल्या, पण या गर्दीच्या धंद्यात उतरावं इतकं दमदार काही हाती लागलं नाही. साहेब दुकानात आले, बातमीचा कागद काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, ‘तो ३२ इंची आहे का हो अजून?’

तेव्हापासून ही चर्चा अधूनमधून पुन्हा उठते. उद्या अ‍ॅपलने खरंच टीव्ही आणला तर मी खोटा पडेन, हरकत नाही. पण धंद्याचं गणित बघा. टीव्हीत सगळ्यात महाग असतो तो पॅनल, म्हणजे चित्र उमटतं तो पडदा, आणि तो बनवणारे कारखाने दुसऱ्यांचे. शिवाय फोन माणूस तीन-चार वर्षांत बदलतो, टीव्ही बदलायला तुम्हीच किती वर्षं घेतलीत? नफा बेताचा, गिऱ्हाईक दहा वर्षांनी येणार. अ‍ॅपलने एकदा हात पोळूनही घेतलाय. १९९३ मध्ये त्यांनी ‘मॅकिंटॉश टीव्ही’ नावाचा काळा, १४ इंची, संगणक आणि टीव्ही एकत्र असलेला डबा काढला. गंमत म्हणजे दोन्ही कामं एका वेळी जमायची नाहीत, टीव्ही लावला की संगणकाचा पडदा गायब. काही महिन्यांतच तो बंद झाला.

आणि जावईबापूंना एक विचाराल का, की नक्की कोणता ‘अ‍ॅपल टीव्ही’? त्या नावाचा छोटा डबा २००७ पासून विकला जातो, त्याला पडदा नसतो, तो आपल्या टीव्हीला एचडीएमआय वायरने जोडायचा. त्याच नावाचं अ‍ॅप आहे. मालिका-सिनेमांची सेवाही आहे, २०१९ मध्ये ती ‘प्लस’ लावून आली आणि २०२५ मध्ये तो प्लसही काढून टाकला. नावं ठेवण्यात ही कंपनी आमच्या आत्याबाईंसारखी, घरात तीन बाळू. डबा चांगला आहे, पण त्याची मजा आयफोनवाल्या घरात. तुमच्याकडे एकही आयफोन नाही, मग वर आणखी दहा-पंधरा हजार कशाला घालायचे?

आता मुख्य गोष्ट. तुमचा टीव्ही बहुधा मेलेला नाही. रात्री खोलीतले दिवे घालवा, टीव्ही लावा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याला जवळजवळ टेकवून तिरका धरा. काळ्या पडद्यात माणसं पुसट हलताना दिसली, तर पॅनल शाबूत आहे. गेली ती पडद्याला मागून उजेड देणारी बॅकलाइटची पट्टी, नाहीतर तिला वीज पुरवणारा भाग. आठ-दहा वर्षांच्या टीव्हीत नेहमीचा बिघाड. दुरुस्ती करणाऱ्याला सांगा, की पट्ट्या सगळ्या बदला. एकच बदलली तर दोन महिन्यांनी दुसरी जाते. पॅनल काढताना हात हलका हवा, म्हणून काम तुमच्यासमोर करून घ्या. काहीच दिसलं नाही तर मात्र बोर्ड किंवा पॅनल, आणि पॅनलवर पैसे घालू नका.

नवाच घ्यायचा ठरला तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. थांबण्याचा फायदा झाला तो एवढाच. आठ फुटांवरून पाहत असाल तर ४३ इंच पुरे. दुकानात जो पोपट आणि फुलं दाखवतात ना, त्याला भुलू नका, त्यात वाईट टीव्हीही देखणा दिसतो. गणपती विसर्जनाचं रात्रीचं चित्रण पेनड्राइव्हवर घेऊन जा, चित्र ‘होम’ मोडवर लावायला सांगा आणि तेच पाहा. काळोख राखाडी दिसतोय की काळा, गर्दीतले चेहरे ओळखू येतात की नाही, लगेच कळतं. एचडीएमआयची भोकं मोजा, तीन हवीत.

पण आधी टॉर्च. काय दिसलं ते कळवा, तोवर यांना बातम्या ऐकू देत.