मार्केटिंग स्ट्रॅटेजी आपटते ती बहुतेक वेळा जाहिरात बनण्याआधीच

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन कंपन्यांचं प्रॉडक्ट जवळपास सारखं, खर्चही थोड्याफार फरकाने तेवढाच, तरी एकीची स्ट्रॅटेजी चालते आणि दुसरीची आपटते, हे कशामुळे? शिवाय तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे लीड (चौकशी करणारे संभाव्य ग्राहक) ढिगाने येतात, विक्री मात्र होत नाही.

मी याच धंद्यात आहे, त्यामुळे याचं ठरलेलं उत्तर मला पाठ आहे: क्रिएटिव्ह (जाहिरातीचं चित्र-मजकूर) दमदार हवं, सातत्य हवं, निर्णय डेटावर हवेत. यात खोटं काही नाही. पण फसलेल्या कॅम्पेनमध्येही हे सगळं असतंच, कधीकधी चाललेल्या कॅम्पेनपेक्षा जरा जास्तच.

माझ्या मते फरक पडतो तो एका साध्या प्रश्नाच्या उत्तराने. तुमचा ग्राहक आज तुमच्यावाचून काय करतोय, आणि ते सोडून तो तुमच्याकडे का येईल? स्ट्रॅटेजी म्हणजे या प्रश्नाच्या उत्तराबद्दल बांधलेला अंदाज. अंदाज बरोबर असेल तर सुमार जाहिरातही काम करून जाते. चुकला असेल, किंवा कोणी बांधलाच नसेल, तर उत्तम जाहिरात फक्त तो चुकल्याची बातमी जास्त लोकांपर्यंत पोचवते.

माझ्याकडे येणाऱ्या ब्रीफमध्ये (जाहिरात बनवण्याआधी क्लायंट देतो त्या माहितीच्या कागदात) ‘टार्गेट ऑडियन्स’समोर हमखास असं काहीतरी असतं: वय १८ ते ४५, स्त्री-पुरुष, शहरी व निमशहरी, दर्जाबद्दल जागरूक. म्हणजे सगळेच की! आणि ‘स्पर्धक’समोर दोन-तीन कंपन्यांची नावं. पण हिशेबाचं सॉफ्टवेअर विकायचं असेल तर खरा स्पर्धक दुसरं सॉफ्टवेअर नसतं. ती असते गेली कित्येक वर्षं चालत आलेली एक्सेलची फाइल, आणि ती फाइल ज्याला कळते तो ऑफिसातला जुना माणूस. मालकाला तुमचे फीचर पटतात, डेमो आवडतो, आणि तो म्हणतो, “मार्च होऊ द्या, मग बघू.” हा ‘मग बघू’ कुठल्याच ब्रीफमध्ये स्पर्धक म्हणून लिहिलेला नसतो. माल मात्र सर्वांत जास्त तोच अडवतो.

कोकाकोलाचं १९८५ सालचं उदाहरण सगळे देतात, पण बरेच जण त्यातून चुकीचा धडा घेतात. म्हणतात, त्यांनी ग्राहकाला विचारलं नाही. अहो, त्यांनी जवळजवळ दोन लाख लोकांना चव देऊन विचारलं होतं! पेप्सी १९७५ पासून लोकांना डोळे झाकून घोट घ्यायला लावत होती आणि त्यात जिंकत होती, म्हणून कोकने चव बदलली. चाचण्यांमध्ये नवी, जास्त गोड चव जिंकलीही. पण एका घोटात गोड बहुतेकदा सरस ठरतं. घरी बसून अख्खा कॅन पिणं वेगळं. आणि ‘जुनं कोक आता मिळणारच नाही, चालेल ना?’ हा प्रश्न निकालाच्या केंद्रस्थानी कधी आलाच नाही. एप्रिलमध्ये नवं कोक आलं, जूनपर्यंत कंपनीला दिवसाला दीड हजार फोन येऊ लागले, आणि ७९ दिवसांत जुनी चव परत आणावी लागली. संशोधन भरपूर झालं होतं. नेमका प्रश्न तेवढा राहून गेला.

याच्या उलट दिशेने गेलेलं उदाहरण फेब्रीझचं, आणि ते मला जास्त आवडतं. प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीने नव्वदच्या दशकात हा दुर्गंध घालवायचा फवारा काढला. त्यातलं सायक्लोडेक्स्ट्रिन नावाचं द्रव्य वासाचे रेणू अडकवून ठेवतं, म्हणजे वास झाकत नाही, खरोखर घालवतं. प्रॉडक्ट अस्सल होतं. जाहिरातीही तर्काला धरून: सिगारेटचा वास बसलेलं जाकीट, पाळीव प्राण्यांचा वास धरलेला सोफा. तरी माल उठेना. कंपनीची माणसं घराघरांत गेली तेव्हा उलगडा झाला. ज्या घरात मांजरांचा वास दारातच नाकात शिरायचा, त्या घरमालकाला तो येतच नव्हता. नाक सरावलेलं! ज्याला गरज सर्वांत जास्त, त्यालाच ती जाणवत नव्हती. मग वास असलेल्या घरांना समजावत बसण्याऐवजी कंपनीने स्वच्छतेची आवड असलेल्यांकडे मोर्चा वळवला. ही माणसं आधीच काय करत होती? अंथरूण नीट लावलं, खोली आवरली की क्षणभर थांबून समाधानाने बघत होती. फवाऱ्यात सुगंध घातला गेला आणि तो त्या क्षणाला जोडला गेला: आवरून झालं, आता शेवटचा हात म्हणून एक फवारा. तिथून ब्रँड उभा राहिला. वास घालवायचं तंत्र तेच होतं. बदलला तो फवारा हातात घेण्याचा क्षण.

आता जेसी पेनी. ही अमेरिकेतली मोठी डिपार्टमेंट स्टोअरची साखळी. ॲपलची स्टोअर्स उभी करणारे रॉन जॉन्सन तिथे प्रमुख म्हणून आले आणि २०१२ च्या सुरुवातीला त्यांनी कूपनं आणि सततचे सेल बंद करून रोजचे सरळ, कमी भाव लावले. कागदावर हे ग्राहकाच्या हिताचंच होतं. आधी भाव फुगवायचा, मग सूट द्यायची, हा खेळ कशाला? पण पेनीची गिऱ्हाइकं तो खेळ खेळायलाच येत होती. कूपन कापून ठेवायचं, योग्य दिवशी जायचं आणि ‘मी एवढे वाचवले’ म्हणत बाहेर पडायचं, यात त्यांना मजा होती. त्या एका वर्षात विक्री सुमारे २५ टक्क्यांनी पडली आणि एप्रिल २०१३ मध्ये जॉन्सनना जावं लागलं. मला सगळ्यात खटकतं ते हे की नवी पद्धत आधी चार-दोन दुकानांत चालवून बघितली नव्हती. एकदम सगळीकडे लावली. पारदर्शक भाव ही वाईट कल्पना आहे असं मी म्हणणार नाही. त्या गिऱ्हाइकांना ती नको होती, एवढंच.

कधी असंही होतं की ग्राहक हलतो, अगदी जोरात हलतो, पण भलत्याच कारणाने. हूव्हर या व्हॅक्यूम क्लीनर बनवणाऱ्या कंपनीच्या ब्रिटनमधल्या शाखेने १९९२ मध्ये स्कीम काढली: १०० पौंडांच्या वर खरेदी करा आणि विमानाची दोन परतीची तिकिटं फुकट मिळवा, आधी युरोपची, मग अमेरिकेची. अमेरिकेच्या तिकिटांची किंमत या खरेदीच्या कितीतरी पट होती. लोकांनी साधा हिशेब केला आणि स्कीममध्ये बसणारा सर्वांत स्वस्त व्हॅक्यूम क्लीनर उचलला. ज्यांच्या घरी आधीच एक होता त्यांनीही. विक्रीचे आकडे बघून सुरुवातीला ऑफिसात पेढेच वाटले गेले असतील! कंपनीला सुमारे ५ कोटी पौंडांचा फटका बसला, तिकिटांवरून कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि १९९५ मध्ये हूव्हरचा युरोपातला धंदा एका इटालियन कंपनीला विकला गेला. कुठलीही ऑफर काढताना मी क्लायंटला एकच विचारतो: ही सगळ्यांनी घेतली तर परवडेल का? ‘सगळे कुठे घेणार’ असं उत्तर आलं की मला घाम फुटतो.

डिजिटलवाल्यांचं दुखणं याच्या नेमकं उलट आहे. तिथे ग्राहक हललेलाच नसतो, पण डॅशबोर्ड (जाहिरातीचे आकडे दाखवणारा स्क्रीन) म्हणतो की आम्ही हलवला. ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या साइटने २०१२ च्या सुमारास ब्लेक, नोस्को आणि टाडेलिस या अर्थशास्त्रज्ञांकडून प्रयोग करून घेतले. लोक ‘ईबे’ असंच टाइप करून शोधतात तेव्हा वर दिसणारी पैसे देऊन लावलेली जाहिरात त्यांनी बंद केली. फरक काय पडला? जवळपास काहीच नाही. जाहिरातीवर क्लिक करणारी तीच माणसं खालच्या फुकटच्या लिंकवर क्लिक करून आली. ती येणारच होती. जाहिरात दारात उभी राहून आत येणाऱ्यांची मोजदाद करत होती आणि म्हणत होती, मी आणले. लहान किंवा नव्या ब्रँडला हाच निष्कर्ष जसाच्या तसा लागू होत नाही, कारण त्याचं नाव कोणी टाइप करत नसतं. पण ‘खर्चाच्या सहापट विक्री’ असा रिपोर्ट समोर आला की त्यातले किती जण तसेही आले असते, हे विचारा. एखाद्या भागात जाहिरात दोन-तीन आठवडे पूर्ण थांबवून बघितलं तर अंदाज येतो. एजन्सीला हा प्रयोग फारसा आवडत नाही, का ते उघड आहे.

ग्राहकाने तुमच्याकडे येण्याचं कारण पटण्याजोगं असलं तरी दिलेला शब्द पाळायला माणसं लागतात. एव्हिस ही भाड्याने गाड्या देणारी कंपनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला याच धंद्यातल्या पहिल्या नंबरच्या हर्ट्झच्या बरीच मागे होती आणि वर्षानुवर्षं तोट्यात होती. त्यांनी जाहिरातीत सरळ कबूल केलं की आम्ही दुसऱ्या नंबरवर आहोत, म्हणून जास्त कष्ट घेतो. हर्ट्झची सवय असलेल्याला काउंटर बदलायला हे चांगलं कारण होतं. पण जाहिरात वाचून आलेल्याला गाडीतला ॲशट्रे भरलेला दिसला असता तर त्याच वाक्याचं हसं झालं असतं. जाहिरातीत शब्द दिला की तो काउंटरवरच्या माणसाने पाळायचा असतो, आणि बऱ्याच कंपन्यांत त्याला कॅम्पेन सुरू झाल्याचंही ग्राहकाकडूनच कळतं.

नशिबाचा वाटा असतोच, आणि व्हायरल झालेल्यांच्या मुलाखतींत तो कधी सांगितला जात नाही. त्याबद्दल जास्त बोलण्यात अर्थ नाही, तो तुमच्या हातात नाही. वेळेचा अंदाज मात्र हातात आहे. सूट, ऑफर यांचा परिणाम काही दिवसांत दिसतो आणि तितक्याच लवकर ओसरतो. नाव लोकांच्या डोक्यात बसायला महिने, कधी वर्षं लागतात. दुसऱ्या प्रकारचं काम पहिल्याच्या घड्याळावर मोजलं की चालू शकणारी स्ट्रॅटेजीही तिसऱ्या महिन्यात मारली जाते. उलटंही घडतं: ‘ब्रँडिंगला वेळ लागतो’ या नावाखाली मेलेली स्ट्रॅटेजी दोन वर्षं ओढली जाते.

आता तुमच्या लीडबद्दल. लीड येताहेत म्हणजे जाहिरात लोकांना थांबवते आहे. अडतंय ते पुढे. म्हणून आत्ताच क्रिएटिव्ह बदलू नका, बजेट तर अजिबात वाढवू नका. गेल्या तीन महिन्यांत ज्यांनी चौकशी केली आणि घेतलं नाही, त्यांतल्या वीस-पंचवीस जणांना स्वतः फोन करा. सेल्सच्या मुलाला करायला लावू नका, तो विकायलाच बसेल. ‘का घेतलं नाही’ असंही विचारू नका. त्यावर ‘महाग वाटलं’ हे सोयीचं उत्तर मिळतं. विचारा, “मग त्याऐवजी काय केलंत?” कोणी दुसऱ्याकडून घेतलं असेल, कोणी जुन्यावरच भागवलं असेल, कोणी म्हणेल की फोन तिसऱ्या दिवशी आला, तोवर विषय संपला होता. ती उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून काढा. निम्म्यांहून जास्त जण ‘काहीच केलं नाही’ म्हणाले तर तुमचा सामना स्पर्धकाशी नाहीच, आणि त्याच्याशी तुलना करणाऱ्या तुमच्या सगळ्या जाहिराती आधी थांबवा.