आधी उतरायला शिकव

नागपूर,
६ जुलै

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. गेल्या वर्षी चौथीतला एक मुलगा शाळेच्या आवारातल्या कडुनिंबावरून पडला आणि त्याच्या मनगटाचे हाड मोडले, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या झाडाच्या खालच्या सगळ्या फांद्या कापून टाकल्या, आणि आता पहिल्याच पालकसभेत या विषयावर तू बोलणार आहेस, हे वाचून मला तुझा फार अभिमान वाटला. मी सभेला यावे, महाल या जुन्या वस्तीतल्या आमच्या बालपणाच्या गोष्टी सांगाव्यात आणि शेवटी पालकांना विचारावे की, ‘आम्ही सगळे असेच वाढलो, काय झाले आम्हाला?’, अशी तुझी इच्छा आहे. मी येईन. परंतु ते वाक्य मी बोलणार नाही, आणि तूही बोलू नयेस अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्याचे कारण दोन ओळींत सांगता येण्यासारखे नाही.

तू ज्या बालपणाचा हेवा करतेस ते खोटे नव्हते. १९७१ च्या जनगणनेत हे शहर साडेआठ लाखांच्या आसपास होते. २०११ मध्ये ते २४ लाखांच्या वर गेले. आमच्या वेळी महालातून सकाळी चहा-पोळी खाऊन बाहेर पडलेला मुलगा दिवेलागणीला घरी आला तरी कुणी त्याची वाट पाहत दारात उभे राहत नसे. तासाच्या भाड्याने सायकल मिळायची, ती आमच्या उंचीला मोठी असायची, म्हणून दांड्याखालून पाय घालून आम्ही ती कैची चालवत असू. हिवाळ्यात सेमिनरी हिल्सवर बोरे वेचायला जात असू आणि उन्हाळ्यात टेंभरे शोधायला. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की आई खिशात एक कांदा कोंबायची, ‘डोके झाकून जा’ म्हणायची, आणि तेवढ्यावर आमची रवानगी व्हायची. शुक्रवारी नावाच्या तलावाच्या काठावर कोण किती वेळ श्वास रोखून पाण्याखाली राहतो याची पैज लागत असे. संक्रांतीच्या आधी आठवडाभर वाड्याच्या अंगणात मांजा सुतला जाई; त्यासाठी आम्ही बाटल्या आणि निकामी ट्यूबलाइट फोडून काच कुटत असू. त्या नळीच्या आतल्या भुकटीत पारा असतो, हे आम्हालाच काय, पण आमच्या वडीलधाऱ्यांनाही ठाऊक नव्हते.

हे सगळे आठवले की अजूनही जीव हलका होतो. परंतु त्याच आठवणीत एक मुलगा आहे, आणि तो आठवला की माझे बोलणे थांबते.

शहराच्या पश्चिमेला काळ्या दगडाच्या खदानी होत्या. गिट्टीखदान या वस्तीच्या नावात त्यांची खूण अजून शिल्लक आहे. दगड काढून झाला की मोठाले खड्डे तसेच सोडून दिले जात आणि पावसाळ्यात ते काठोकाठ भरत. तलावाला घाट असतो, उतार असतो, पाय टेकत टेकत आत जाता येते. खदानीचे तसे नसते. तिचा कडा सरळ तुटलेला असतो, पहिल्याच पावलाला पुरुषभर पाणी असते, आणि बाहेर येताना धरायला शेवाळलेल्या दगडाशिवाय काही नसते. १९६९ च्या श्रावणात आम्ही पाच जण अशाच एका खदानीवर गेलो. मी अकरा वर्षांचा होतो. आमच्यातला जो सर्वांत धीट होता, ज्याच्यासारखे पोहणे आम्हाला कुणालाच येत नव्हते, त्याने वरून उडी मारली आणि तो वर आला. दुसऱ्यांदा मारली आणि पुन्हा वर आला. मग तो पाण्यातून बाहेर यायला लागला. त्याला जागा सापडेना. दगडावरून त्याचे हात निसटत राहिले. आम्ही चौघे काठावर होतो, आमच्याजवळ दोर नव्हता, मोठे माणूस नव्हते, आणि धोतर किंवा पंचा गाठी मारून खाली सोडावा एवढेही आम्हाला सुचले नाही. त्याच्या आईला सांगायला कुणी जायचे, यावर आम्ही परतीच्या वाटेवर भांडलो, हेही मला आठवते.

‘काय झाले आम्हाला?’ हा प्रश्न मी भर सभेत विचारला, तर त्याचे उत्तर देण्यासाठी तो तिथे नसेल. आमच्या पिढीच्या ज्या आठवणी तुला ऐकायला मिळतात, त्या सगळ्या वाचलेल्यांच्या आहेत. तुला आकडाही देऊन ठेवतो. १९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळे पहिल्या वाढदिवसाआधीच दगावत होती. २०२० साली तो आकडा २८ वर आला. लसीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७८ साली सुरू झाला, म्हणजे आमचे बालपण तोवर संपून गेले होते. गंजलेला खिळा पायात गेला तर हळद दाबत असू आणि धनुर्वाताची भीती घरातल्या मोठ्यांच्या डोळ्यांत पाहत असू. कुत्रा चावला तर पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत. त्या काळचे मूल मोकळे होते, हे खरे आहे. पण त्याला जपण्याची साधने मोठ्यांजवळ फारशी नव्हती आणि एखादे मूल जाईल हे गृहीत धरून घरे चालत होती, हेही तितकेच खरे आहे.

आणखी एक गोष्ट आहे, जी तू स्त्री असल्यामुळे तुला माझ्या आधी दिसायला हवी होती. मी वर लिहिलेल्या एकाही प्रसंगात माझी बहीण नाही. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आणि माझ्यापेक्षा चपळ. पण सायकल मी चालवली, तलावात मी उतरलो, बोरे मी खाल्ली आणि उरलेली तिच्यासाठी आणली. तिच्या वाट्याला नळावरची रांग, धाकट्याला कडेवर घेणे आणि तांदूळ निवडणे आले. वर्षात एकच महिना तिला संध्याकाळी बाहेर पडता येई, तो भुलाबाईचा. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघरी जाऊन गाणी म्हणत, डबा वाजवून आतली खिरापत ओळखत, आणि अंधार पडल्यावर हसत-खिदळत गल्लीतून परतत. ती महिनाभराची संध्याकाळ ताई अजून वर्षभराच्या ऐवजासारखी सांगते. आणि ज्यांच्या घरी विड्या वळल्या जात किंवा माग चालत, त्यांच्या मुलामुलींना दुपारच मोकळी मिळत नसे. त्यामुळे ‘आमच्या वेळी मुले मोकळी होती’ असे म्हणताना आम्ही फार थोड्या मुलांविषयी बोलत असतो.

मग यात सांभाळून ठेवावे असे काय होते? या प्रश्नाशी मी शिक्षकीच्या पस्तीस वर्षांत पुष्कळदा थांबलो आहे, आणि माझे उत्तर मला महालातल्या एका आखाड्यात सापडते. खदानीच्या प्रसंगानंतर वडिलांनी मला घरात कोंडले नाही, हे त्यांचे माझ्यावरचे सर्वांत मोठे उपकार आहेत. त्यांनी मला मल्लखांबाला घातले. एरंडेल चोळून गुळगुळीत केलेला तो सागवानी खांब मला त्या वेळी आकाशाएवढा वाटला. पहिल्याच दिवशी वस्तादांनी मला कमरेला धरून खांबावर लावले आणि म्हणाले, आता उतर. मला वाटले की ते आता चढायला शिकवतील. पण पहिले कित्येक दिवस त्यांनी फक्त उतरायला शिकवले. पायांची अढी कशी सैल करायची, घसरताना हात कुठे ठेवायचे, पडायची वेळ आलीच तर मान कशी आत घ्यायची आणि अंग कसे गोळा करायचे, हे अंगवळणी पडेपर्यंत त्यांनी मला वर जाऊ दिले नाही. त्यानंतर मात्र ते दूर जाऊन उभे राहिले, आणि मी वर उलटा लटकत असताना ‘सांभाळ’ असे एकदाही ओरडले नाहीत.

माझ्या मित्राला उडी मारता येत होती. बाहेर कसे यायचे, ते त्याला कुणी शिकवले नव्हते.

आपल्या विदर्भाला ही विद्या परकी नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथल्या पथकाने जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली होती. नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवरच्या सेवाग्रामला, १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर, गांधीजींच्या नई तालीमच्या, म्हणजे कामातून शिक्षणाच्या, शाळेत मुलांच्या हाती अवजारे दिली गेली, ती वापरायला शिकवून आणि शिक्षक सोबत काम करत असताना. अलीकडे नॉर्वेच्या एलेन सँडसेटर या संशोधिकेने मुलांच्या धाडसी खेळाचे जे प्रकार २००७ साली मांडले, त्यांत उंची, वेग, धारदार अवजारे, पाणी-विस्तवासारख्या धोक्याच्या गोष्टी, झोंबाझोंबी आणि वाट चुकण्याची शक्यता हे सगळे येते. मूल भीतीच्या जवळ स्वतः, आपल्या बेताने, पुन्हा पुन्हा जाते आणि त्यातून आपला अंदाज तयार करते, असे तिचे सांगणे आहे. वस्ताद हेच करत होते. पालकसभेत तुला आधार हवा असेल तर तो इथे घे, माझ्या टेंभरांच्या गोष्टीत घेऊ नकोस.

आणि पालकांवर रागावून बोलू नकोस. ‘आजचे आईबाप भित्रे आहेत’ हे वाक्य माझ्या वयाच्या माणसांना फार सहज सुचते आणि ते अन्यायाचे आहे. आम्ही ज्या रस्त्यावर पतंगामागे वर पाहत धावलो, त्या रस्त्यावर सायकली, टांगे आणि क्वचित एखादी मोटार होती. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. इंग्लंडमध्ये १९७१ साली सात-आठ वर्षांची ८० टक्के मुले मोठ्या माणसाशिवाय शाळेत जात होती आणि १९९० पर्यंत ते प्रमाण ९ टक्क्यांवर आले. तिथल्या अभ्यासकांनी त्याचे मुख्य कारण मोटारींची वाढ हेच सांगितले. मांजाचेही तसेच आहे. आमचा सुती मांजा बोट कापत असे आणि ताण आला की तुटत असे. नायलॉनचा तुटत नाही, तो दुचाकीवरच्या माणसाचा गळा चिरतो, आणि म्हणूनच राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली त्यावर देशभर बंदी घातली. हे सगळे पाहणाऱ्या आईने मुलाचा हात घट्ट धरला, तर तिच्या भीतीला कारण आहे. तिचे ऐकून घे. आधी तिला बोलू दे, आणि तिच्या भीतीची यादी फळ्यावर लिही. रहदारी, खोल पाणी, विजेची तार, नायलॉनचा मांजा: या बाबतीत तू तिच्यापेक्षाही कडक हो. ही मुलाच्या अंदाजाबाहेरची संकटे आहेत, ती दूर करणे हे मोठ्यांचे काम आहे. झाडाची फांदी तशी नाही. ती किती उंच आहे ते मुलाला दिसते, पाय कुठे ठेवावा ते त्याला ठरवता येते, आणि मनगट मोडले तर ते सहा आठवड्यांत जुळते. हा फरक तुला पालकांना समजावून सांगता आला, तर सभा जिंकलीस असे मी समजेन.

फांद्या आता गेल्या. कडुनिंब पुन्हा फुटेल, पण त्याला काही वर्षे लागतील. तोवर खालच्या बाजूला दोर बांधता येईल. झाडाखालची फरशी उखडून तिथे गुडघाभर वाळू टाकायला मुख्याध्यापकांना सांग. त्याचा खर्च एका स्नेहसंमेलनाच्या मंडपापेक्षा कमी आहे. कुणीही कुणाला उचलून वर ठेवायचे नाही, हा एकच नियम कर, कारण जे मूल स्वतः चढते ते बहुधा स्वतः उतरू शकते, आणि ज्याला उचलून ठेवले जाते ते वर अडकते. मुलींना आधी चढू दे. पावसाळ्यात पाचवीच्या वर्गाला खदानीचे चित्र काढून दाखव: कडा कसा असतो, उतार का नसतो, बुडणाऱ्याकडे उडी न मारता काठावरून काय फेकायचे, ओढणी आणि पट्टे कसे गाठीने जोडायचे. ते त्यांच्याकडून प्रत्यक्ष करून घे. पन्नास मिनिटांचा एक तास त्याला पुरतो. आम्हा चौघांना तेवढा एक तास कुणी दिला असता, तर तो आज सदुसष्ट वर्षांचा असता.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी येतो. माझ्याकडे मल्लखांबाचा जुना सुती दोर आहे, तो सोबत आणीन. तो अजून वजन पेलतो का, ते आधी मी स्वतः तपासून पाहीन. ताईही येणार म्हणते. तिला ते झाड पाहायचे आहे, आणि तुझ्या वर्गातल्या मुली त्या दोरावरून कशा उतरतात, तेही.

तुझे,
सर